परसातल्या शेडला वीज, पण जपून!

मैत्रिणींनो, परसात पत्र्याची शेड असली की गृहिणीला केवढा आधार वाटतो! रिकामे डबे, कुंड्या, जुनी पिंपं, सगळं तिथे जातं. मग एक दिवस मनात येतं, घरघंटीही तिथेच ठेवू, म्हणजे घरभर पीठ उडणार नाही. विचार चांगला, पण वीज? “त्यात काय एवढं! खिडकीतून एक वायर सोडू,” असे घरचे पुरुष म्हणतात आणि आपणही मान डोलावतो.

आम्हीही तेच केले होते. वायर नेली होती ती कपडे वाळत घालायच्या तारेवरून. पहिल्या पावसात तारेवरची चादर काढायला गेले, तो हाताला अशी काही झिणझिणी आली की चादर तिथेच सोडून मागे सरले. वायरचे आवरण तारेला घासून फाटले होते. पायात रबरी चपला होत्या, म्हणून निभावले!

तेव्हा शेडमध्ये वीज घ्यायची तर रीतसर घ्या. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यायचे. पण काय करवून घ्यायचे, ते आपल्याला ठाऊक हवे.

पहिली गोष्ट, घरातल्या मुख्य बोर्डावरून शेडसाठी वेगळी लाइन आणि तिला वेगळी एमसीबी घ्या. एक अश्वशक्तीची घरघंटी म्हणजे सुमारे ७५० वॅट, आणि सुरू होताना तर मोटर त्याहून कितीतरी जास्त करंट ओढते. दिव्याच्या बारीक वायरचे हे काम नव्हे. निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. अंतर जास्त असेल तर आणखी जाड.

दुसरी, केबल आर्मर्ड घ्या आणि जमिनीखालून न्या. सुमारे अडीच फूट खोल चर, केबलवर वाळू आणि वर विटांचा थर. ती कुठून गेली आहे ते कागदावर काढून ठेवा, म्हणजे पुढे केळ लावताना कुदळ तिच्यावर बसणार नाही.

तिसरी, अर्थिंग. घरघंटीला तर हवेच, शिवाय शेडचा लोखंडी सांगाडाही अर्थिंगला जोडून घ्या. प्लग तीन पिनांचाच असू द्या.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्टसर्किट झाले तर पडते. माणसाला शॉक बसला तर ती पडेलच असे नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. विजेची गळती होताच ती प्रवाह तोडते. तिच्यावर ‘टेस्ट’चे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. पडली नाही, तर लगेच बदलून घ्या.

बोर्ड कोरड्या जागी, नळापासून दूर आणि मुलांचा हात पोचणार नाही असा बसवा. आणि देव न करो, कुणाला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करा. त्या माणसाला तसाच हात लावू नका.

“एवढा खर्च कशाला?” असे घरात कुणी म्हणेल. म्हणू द्या! तो खर्च एकदाच होतो. शेडचे काम पावसाळ्यापूर्वी उरका. पण कपड्यांच्या तारेला कुठे वायर टेकली नाही ना, हे मात्र आजच पाहून या.