पट्टी हातात आल्यावर

लातूरकडे दिवाळीची खरेदी सोयाबीनच्या पट्टीवर, म्हणजे माल विकल्यावर आडत्याकडून मिळणाऱ्या हिशेबावर ठरते. हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात आली, त्यातून कृषी सेवा केंद्राची उधारी फिटली, की मग पोरांचे कपडे आणि माहेरी आलेल्या लेकीची साडी. म्हणून तिथला कापडवालाही सकाळी आधी सोयाबीनचा भाव विचारतो. २०२४च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता; बाजारात बराच माल त्याहून शे-पाचशेने खाली गेला. ती तूट शेवटी कापडवाल्याच्या गल्ल्यातही दिसतेच.

आपल्या नियोजनकारांनी हा कापडवाला हिशेबात कधी धरलाच नाही. त्यांच्या लेखी शेती म्हणजे शहरांना स्वस्त धान्य पुरवणारं कोठार! १९५६च्या दुसऱ्या योजनेत पोलाद पुढे आलं, शेती मागे सरली आणि दहा वर्षांत अमेरिकी गव्हाच्या जहाजांची वाट पाहायची वेळ आली. हरितक्रांतीने कोठार भरलं, दृष्टी मात्र तीच राहिली. डिसेंबर २०२३मध्ये कांद्यावर घातलेली निर्यातबंदी मे २०२४मध्ये उठली. तोवर नाशिकच्या शेतकऱ्याने काय सोसलं ते त्यालाच ठाऊक.

राष्ट्रीय उत्पन्नात एके काळी निम्मा असलेला शेतीचा वाटा आता पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. देश पुढे जाताना हे व्हायचंच. पण २०२३-२४च्या श्रमबल पाहणीत शंभरातले ४६ कामकरी शेतीतच होते. १९७०-७१मध्ये सरासरी २.२८ हेक्टर असलेली जमीनधारणा २०१५-१६मध्ये १.०८वर आली. रानातून उठून या माणसांनी जायचं कुठे?

याचं एक उत्तर गावातच उभं राहिलं होतं. आजच्या साखर कारखानदारीविषयी आमचं मत फारसं बरं नाही. तरी प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची आठवण येतेच. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ अध्यक्ष झाला, १९५०-५१ला पहिला गळीत हंगाम निघाला. पुढे तिथेच शाळा, महाविद्यालयं, रुग्णालय उभं राहिलं. उसाचा पैसा उसाच्याच गावात मुरला. सोयाबीन पेरणाऱ्यांच्या मालकीची तेलगिरणी मात्र शोधावी लागते.

यंदाचा आमचा दिवाळी अंक म्हणूनच शेतीवर आहे. त्याला जाहिराती देणारे सराफ, कापडवाले, ट्रॅक्टरवाले याच पट्टीवर जगतात, म्हणजे आम्हीही. पाडव्याला गावाकडे फोन कराल, तेव्हा शुभेच्छांआधी भाव विचारा.

शुभ दीपावली.