वातानुकूलन यंत्राचा जमाखर्च

वैशाखाचे ऊन चढू लागले की अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते : ‘एसी चालू आहे, पण खोली थंड होत नाही.’ मग ओळखीच्या मेकॅनिकला फोन जातो. तो म्हणतो, चार दिवसांनी येतो. त्याचाही इलाज नसतो, कारण साऱ्या गावाला तो त्याच आठवड्यात हवा असतो. मुदत ठेव कोणत्या तारखेला पूर्ण होते हे ज्या गृहस्थांना तोंडपाठ असते, त्यांनाही घरातील एसी शेवटचा कधी धुतला हे आठवत नाही. तीस-चाळीस हजारांची वस्तू, आणि तिच्या देखभालीची नोंद मात्र कोठेच नाही.

उदाहरणादाखल सोलापुरातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरात ऐंशी ओलांडलेल्या आजी, त्यांचा निवृत्तीला आलेला मुलगा, सून आणि शिकणारी नातवंडे. आजींना दम्याचा त्रास. उन्हाळ्यात तेथील पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांच्या खोलीत दीड टनाचा एसी बसविला. किंमत ३८,००० रुपये. पहिले वर्ष मोफत सर्व्हिसिंगचे गेले. पुढे वार्षिक देखभाल कराराबद्दल विचारणा झाली, तेव्हा गृहस्थ म्हणाले, “चालतोय ना व्यवस्थित? मग उगाच कशाला उघडायचा?” आयुष्यभर काटकसरीने संसार केलेल्या माणसाचे ते स्वाभाविक उद्गार होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात गारवा कमी झाला. आलेल्या मेकॅनिकने ‘गॅस संपला आहे’ असे सांगून गॅस भरला आणि २,८०० रुपये घेतले. चौथ्या वर्षी एप्रिलातच पुन्हा तीच तक्रार, पुन्हा २,८०० रुपये. मे महिन्यातील एका रात्री यंत्र नुसताच वारा टाकू लागले. आजींना धाप लागली. सून पहाटेपर्यंत त्यांच्या उशाशी बसून राहिली. सकाळी दुसरा, वयाने मोठा मेकॅनिक आला. त्याने गॅसची टाकी दाराबाहेरच ठेवली आणि आधी विचारले, “काका, मागच्या महिन्यात भरलेला गॅस गेला कुठे?”

या एका प्रश्नात साऱ्या विषयाचे मर्म आहे. एसीमधील गॅस हे इंधन नव्हे. गाडीतील पेट्रोलसारखा तो जळत नाही, वापरून संपतही नाही. बंदिस्त नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो; आतल्या कॉइलमध्ये खोलीची उष्णता शोषून घेतो आणि बाहेरच्या कॉइलमधून ती मोकळ्या हवेत सोडतो. यंत्र सुस्थितीत असेल तर वर्षानुवर्षे गॅस भरावा लागत नाही. तो कमी झाला, याचा अर्थ कोठे तरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. त्या मेकॅनिकने जोडांवर साबणाचा फेस लावला, तेव्हा बाहेरच्या युनिटजवळील नटाशी बुडबुडे आले. त्याने जोड नव्याने बसविला, पंपाने नळ्यांतील हवा काढली आणि वजनकाट्यावर मोजून गॅस भरला. दुरुस्तीसह ३,५०० रुपये झाले. आधीचे ५,६०० रुपये मात्र शब्दशः हवेत गेले होते.

हे नुकसान केवळ पैशाचे नाही. आजच्या बहुतेक नव्या घरगुती यंत्रांत आर-३२ हा गॅस असतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापमानवाढ घडवितो, आणि काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. म्हणून हे काम जाणत्या हातांकडेच द्यावे. गॅसचा प्रकार आणि त्याचे ग्रॅममधील वजन बाहेरच्या युनिटवरील पट्टीवर छापलेले असते. तेवढाच गॅस मोजून भरला जात आहे ना, हे पाहण्याचा घरमालकाला पूर्ण अधिकार आहे.

गळतीबरोबर आणखी एक गोष्ट उघडकीस आली. आतला फिल्टर काढला, तर जाळीची छिद्रे दिसेनात. धुळीचा जाड थर बसला होता. फिल्टर तुंबला की हवेचा प्रवाह मंदावतो, कॉइलवर बर्फ धरू लागतो, तो वितळून खोलीत पाणी ठिबकते आणि तेवढ्याच गारव्यासाठी कॉम्प्रेसरला अधिक वेळ राबावे लागते. अस्वच्छ फिल्टरच्या जागी स्वच्छ फिल्टर आल्यास विजेचा वापर ५ ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने नमूद केले आहे. या कामाला मेकॅनिक लागत नाही. वापराच्या दिवसांत दर पंधरवड्याला, वीजपुरवठा बंद करून, जाळी काढावी, नळाखाली धुवावी, सावलीत वाळवून पुन्हा बसवावी. दहा मिनिटांचे काम, खर्च शून्य.

आता आकडेमोड पाहू. एसी दिवसाला ८ तास आणि वर्षातून १२० दिवस चालतो असे धरल्यास ९६० तास होतात. दीड टनाच्या यंत्राला ताशी सरासरी १.२ युनिट वीज लागते असे मानले, तर १,१५२ युनिट. युनिटला १० रुपये दर धरल्यास वर्षाचे बिल ११,५२० रुपये. अस्वच्छतेपायी यातील १० टक्के वाया गेले, तर १,१५२ रुपयांचा भुर्दंड. एका संपूर्ण सर्व्हिसिंगला साधारण ६०० रुपये पडतात असे धरले, तरी ती रक्कम विजेच्या बचतीतूनच भरून निघते.

खरी बचत मात्र घसाऱ्याच्या रकान्यात आहे. ३८,००० रुपयांचे यंत्र दहा वर्षे चालले तर वर्षाला ३,८०० रुपये पडतात. सहाच वर्षांत मोडीत निघाले तर ६,३३३ रुपये. फरक दरवर्षी अडीच हजारांचा. कमी गॅसवर किंवा तुंबलेल्या कॉइलवर चालणारा कॉम्प्रेसर तापतो, आणि तो निकामी झाला की दुरुस्तीपेक्षा नवे यंत्र बरे, असे म्हणण्याची वेळ येते.

मग वार्षिक करार घ्यावा काय? याचे उत्तर सर्वांना सारखे नाही. काही करारांत फक्त सर्व्हिसिंग व मजुरी येते, काहींत सुटे भागही येतात; पण गॅस, इलेक्ट्रॉनिक बोर्ड किंवा प्लास्टिकचे भाग पुष्कळदा वगळलेले असतात. काय मिळणार यापेक्षा काय वगळले आहे, ते आधी वाचावे. कॉम्प्रेसरवर अनेक वर्षांची हमी असते, पण तीत मजुरी व गॅस येतो का, हेही तपासावे. मुंबई-कोकणात हवा दमट व खारी आणि वापर जवळजवळ बाराही महिने. तेथे वर्षाला दोन-तीन सर्व्हिसिंग लागतात आणि करार परवडू शकतो. सोलापूरसारख्या ठिकाणी चार महिन्यांच्या वापराला, फिल्टर घरी धुतल्यास, फेब्रुवारीतील एक संपूर्ण सर्व्हिसिंग पुरेसे ठरते. मात्र ते खरोखर संपूर्ण असावे : आतली व बाहेरची कॉइल धुणे, ड्रेन पाइप मोकळा करणे, विजेचे जोड घट्ट करणे आणि नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग नाहीत ना, हे पाहणे. असा डाग बहुधा गळतीची पहिली खूण असतो.

तापमानाचाही या हिशेबात वाटा आहे. १ जानेवारी २०२० पासून देशात नव्या घरगुती एसीचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. २६ अंश आणि सोबत मंद पंखा, एवढे पुष्कळांना पुरते.

सोलापूरच्या त्या गृहस्थांनी करार घेतला नाही, यात त्यांची चूक नव्हती. करार नाकारताना त्यांनी देखभालही नाकारली, ही चूक होती. खर्च टाळणे आणि खर्च पुढे ढकलणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात. ढकललेला खर्च मात्र व्याजासह परत येतो, तोही मे महिन्यातील मध्यरात्री, घरातील सर्वांत अशक्त माणसाच्या खोलीत.

त्या घरात आता गॅस सिलिंडर व विम्याच्या नोंदींच्या वहीत एक नवे पान आहे. सर्व्हिसिंगची तारीख, मेकॅनिकने काय केले, किती घेतले आणि गॅस भरला असल्यास किती ग्रॅम, एवढे चार रकाने. फिल्टरचे काम नातवाकडे आले आहे. महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी तो जाळी धुतो, आणि आजी खुर्चीत बसून ती पुरती वाळली का, ते हात लावून पाहतात.