हेडऑफिस येतंय; सातबारा कुणाचा, झाडू कुणाचा?

हमरापूर हे पेण तालुक्यातलं गाव. पनवेल-रोहा लाईनवर त्याचं स्टेशन आहे. इथं आणि शेजारच्या जोह्यात, कळव्यात गणपतीचे कारखाने आहेत. साचा इथं, माती इथं, प्लास्टरची धूळ इथं, रंगाचा वास इथं. दुकान मात्र दादरला, ठाण्याला, पुण्याला. मूर्ती इथं घडते आणि तिची किंमत तिथं ठरते. पेण शहरातला हा धंदा आजूबाजूच्या खेड्यांत पसरला तो काही देवाला खेड्याची हवा आवडली म्हणून नाही. खेड्यात जागा मोकळी, भाडं कमी आणि हात स्वस्त.

एवढं ज्याला कळलं त्याला कंपन्या का हलतात हे निम्मं कळलं. उरलेलं निम्मं कळायला थोडा हिशेब करावा लागतो. तो आपण करू. कारण हा हिशेब आता आपल्या दारात येऊन उभा आहे.

१२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा असा अटल सेतू खुला झाला. लांबी २१.८ किलोमीटर. त्याच वर्षी उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतली १२४ गावं, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर, सरकारनं नव्या नगरासाठी एमएमआरडीएच्या ताब्यात दिली. पेपरवाले तिला तिसरी मुंबई म्हणतात. २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. पूल झाला, विमानतळ झाला, आता कंपन्या येतील, ऑफिसं येतील, पोरांना नोकऱ्या लागतील, असं जो तो सांगतोय. येतील. पण कंपनी कशासाठी येते हे माहीत नसलं की तिच्यापुढं काय मागायचं हेही कळत नाही.

पहिलं कारण भाडं. नरिमन पॉइंटला जेवढ्या पैशात एक मजला मिळतो तेवढ्यात खाडीपलीकडं किती तरी मोठी जागा मिळते. हिंदुस्थान युनिलिव्हरनं २०१० च्या सुमारास चर्चगेटची जुनी कचेरी सोडून अंधेरीला बिऱ्हाड केलं. पण नुसतं भाडं धरू नका. जुन्या जागेची किंमत हा दुसरा भाग. शहराच्या मध्यावरची कचेरी विकली किंवा भाड्यानं दिली तर तिचाच एक नवा धंदा होतो. गिरण्यांचं काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. कापड विणणं भिवंडीच्या पॉवरलूमवर गेलं, जिथं युनियन नव्हती. मालक मात्र मुंबईतच राहिला आणि गिरणीच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. हलला तो माग. तिजोरी जागची हलली नाही.

तिसरं कारण पगार. ज्या गावात घरभाडं कमी, तिथं कारकून कमी पगारात मिळतो. चौथं कारण सरकार. अमेरिकेत राज्याराज्याचा कर वेगळा, म्हणून टेस्लानं २०२१ साली कॅलिफोर्निया सोडून टेक्सासमध्ये हेडऑफिस नेलं. टेक्सासमध्ये राज्याचा व्यक्तिगत आयकरच नाही. बोइंग २००१ साली सिॲटलहून शिकागोला गेली तेव्हा शिकागो आणि इलिनॉय सरकारांनी तिच्यापुढं सवलतींची रास ओतली. विमानं मात्र सिॲटलच्याच बाजूला बनत राहिली. २०२२ साली तीच बोइंग आपलं हेडऑफिस व्हर्जिनियात, पेंटॅगॉनच्या शेजारी न्यायला निघाली. सवलत खाल्ली, हात पुसले, उठली.

आपल्याकडं आयकर दिल्लीचा. मुंबईत बसा नाहीतर पेणला बसा, दर तोच. त्यामुळं इथली सौदेबाजी जमिनीवर, विजेवर, स्टॅम्प ड्युटीवर आणि सबसिडीवर चालते. महाराष्ट्र सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. तालुक्यांचे अ, ब, क, ड असे गट पाडलेले. जितका तालुका मागास तितकी सवलत जास्त. म्हणजे आपलं मागासलेपण हाच इथं माल आहे. तो विकतो सरकार, घेते कंपनी. मागास माणसाला त्यातलं काय मिळतं?

पाचवं कारण कुणी उघड बोलत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक कंपन्यांनी कलकत्त्यातून हेडऑफिसं हलवली. त्यातल्या कितीतरी मुंबईला आल्या. मुंबई काय स्वस्त होती? अजिबात नाही. तिकडं घेराव होत होते, युनियन साहेबाच्या केबिनपर्यंत पोचली होती. म्हणजे कंपनीच्या वहीत ‘खर्च’ म्हणजे नुसता पैसा नव्हे. मान वर करून बोलणारा माणूस हाही खर्चच. स्वस्त मुलूख म्हणजे जिथला माणूस अजून बोलायला शिकला नाही तो मुलूख.

आता कायद्याची गंमत बघा. कंपनीची नोंदणीची कचेरी वेगळी आणि रोजचं काम चालतं ती वेगळी. रिलायन्सची नोंदणीची कचेरी नरिमन पॉइंटच्या मेकर चेंबर्समध्ये आणि हजारो माणसं कामाला घणसोलीत. पाटी समुद्राकडं, घाम खाडीकडं. नोंदणीची कचेरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायची तर २०१४ च्या नियमांप्रमाणं डायरेक्टरांना प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, की या हलवाहलवीपायी एकाही कर्मचाऱ्याला कामावरून काढणार नाही. वाचायला किती छान! पण कर्मचारी कोण? ज्याचं नाव कंपनीच्या मस्टरवर आहे तो. संडास धुणारी बाई कंत्राटदाराची. गेटवरचा वॉचमन एजन्सीचा. कँटिनचा पोऱ्या आणखी तिसऱ्याचा. प्रतिज्ञापत्रात यांतलं कुणी बसत नाही. बरं, त्याच राज्यात नरिमन पॉइंटवरून पेणला यायचं तर तेवढं प्रतिज्ञापत्रही नको. मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते. तीही २१ नोव्हेंबर २०२५ ला नवा कायदा लागू झाल्यापासून शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या वर. कचेरीला तर ती कधीच लागत नव्हती.

साहेबाला बदलीचा भत्ता मिळतो. कारकुनाला कंपनीची बस मिळते. चेंबूरच्या, कुर्ल्याच्या, माटुंगा लेबर कॅम्पच्या बाईला सांगतात, उद्यापासून येऊ नकोस. नव्या ऑफिसात झाडू मारायला नवी बाई. ती असते शेजारच्या बौद्धवाडीतली नाहीतर कातकरवाडीतली. पगार जुन्या बाईपेक्षा कमी. हेडऑफिस पन्नास किलोमीटर सरकलं. झाडू जातीबाहेर एक इंचही सरकला नाही.

हे आजचं नाही. गिरण्यांत आपली माणसं होती, पण विणकाम खात्यात नव्हती. धोटा भरताना धागा तोंडानं ओढावा लागायचा, तो विटाळायचा. चांगल्या मजुरीचं खातं सवर्णांचं, आपल्याला रिंगखातं. बाबासाहेबांनी हे चव्हाट्यावर मांडलं. यंत्र विलायतेचं, भांडवल शेठचं आणि खात्यांची वाटणी मनूची!

आणि रायगड म्हणजे जुना कुलाबा जिल्हा, खोतीचा मुलूख. खोत शेतात उतरत नसे, पण पिकाचा वाटा त्याच्या घरी जाई. अलिबागकडच्या चरी गावातल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून सहा वर्षं जमीन ओसाड ठेवली. बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात खोतीविरोधात बिल मांडलं आणि जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. लढाई कशाची होती? कष्ट इथं आणि हुकूम तिथं, याच्याविरुद्धची. हेडऑफिसचा प्रश्न तोच आहे, फक्त खोतानं टाय लावलाय.

मग हेडऑफिस आपल्याकडं येतंय तर बरंच की, असं एखादा म्हणेल. त्याचं म्हणणं टाकाऊ नाही. बाबासाहेबांनी आपल्याला खेडं सोडायला सांगितलं. शहरात पोट भरलं, नाव विचारल्याशिवाय चहा मिळाला. उद्या शहरच खेड्यात आलं तर आपण वाटेत आडवं पडून ‘गाव वाचवा’ म्हणायचं काय? कुठलं गाव? ज्यानं आपल्याला वेशीबाहेर ठेवलं ते? गावाच्या आठवणीनं गळा काढणारे काढोत, तो आपला सूर नव्हे.

पण येणारं शहर कुणासाठी येतं याचा अनुभव जुना आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. तिचा कणा होता सरकारनं स्वतः तिकडं जाणं. सचिवालय हललं असतं तर कंपन्या मागोमाग आल्या असत्या. १९७० साली सिडको निघाली, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. आणि मंत्रालय? ते जागेवरच. उलट समुद्रात भर टाकून नरिमन पॉइंट उभा राहिला. खाडीपलीकडं कोण आलं? १९८१ साली कांदा-बटाटा मार्केट आलं. माल आला, हमाल आला, साहेब राहिला.

जमिनीसाठी जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच माणसं मेली. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क निघाला. तो लढा मोठाच. पण साडेबारा टक्के कशाचे? गेलेल्या जमिनीचे. ज्याची जमीन नव्हती त्याचे साडेबारा टक्के म्हणजे शून्याचे साडेबारा टक्के. दुसऱ्याच्या मिठागरात राबणारा, दुसऱ्याच्या खाचरात लावणी करणारी, त्यांची रोजी जमिनीबरोबर गेली आणि कागदावर काहीच गेलं नाही.

सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत सरकारनं महामुंबई सेझबद्दल लोकांचं मत घेतलं. देशभर कौतुक झालं, लोकांना विचारलं म्हणून. मत कुणाचं घेतलं? सातबारावर नाव असलेल्या खातेदाराचं. सेझ पुढं बारगळला, बरं झालं. पण लक्षात ठेवा, त्या दिवशी भूमिहीन माणूस ‘लोक’ नव्हता. लोकसभेला त्याचं मत चालतं. त्याच्या पोटाच्या प्रश्नावर चालत नाही.

तेव्हा आपलं भांडण कंपनी येण्याशी नाही, जाण्याशीही नाही. ती कुठल्या अटीवर येते आणि जाते याच्याशी आहे.

सवलत घेणाऱ्या उद्योगानं एकूण नोकऱ्यांत ८० टक्के आणि सुपरवायझरच्या पातळीवर ५० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत, ही राज्य सरकारची जुनी अट आहे. पहिली मागणी: या अटीचा हिशेब दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. खात्यावार. झाडूखात्यात किती आणि अकाउंटखात्यात किती. आकडा एकत्र सांगितला की झाडूवाल्या बायका धरून ८० टक्के भरतात आणि साहेब मोकळा होतो.

दुसरी मागणी: खाजगी क्षेत्रात राखीव जागा. २००६ साली हा विषय निघाला तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी सांगितलं, कायदा नको, आम्ही स्वखुशीनं करू. स्वखुशीनं मिळतं ती भीक. एअर इंडियाचं उदाहरण डोळ्यांपुढं ठेवा. २०१३ साली तिचं हेडऑफिस मुंबईहून दिल्लीला गेलं. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांकडं गेली, आणि सरकारी कंपनी म्हणून असलेल्या राखीव जागा संपल्या. नरिमन पॉइंटची तिची इमारत १६०१ कोटींना कुणी घेतली? महाराष्ट्र सरकारनं! नव्या शहरात जायला पन्नास वर्षं ज्याचा पाय उचलला नाही त्या सरकारनं. सरकारी जमिनीवर, सरकारी सवलतीवर जी कंपनी उभी राहते तिला ‘खाजगी’ म्हणायचं आणि राखीव जागेचं नाव काढलं की गुणवत्ता आठवायची, ही लबाडी आता बास.

तिसरी: नव्या नगराच्या मोबदल्यात भूमिहीनांचा वेगळा वाटा. घर आणि गाळा, बाईच्या नावावर. आणि चौथी: कंपनी हलली तर कंत्राटी कामगारालाही नुकसानभरपाई, किंवा नव्या जागी काम आणि जाण्या-येण्याचं भाडं.

मुंबईतल्या पोरांनो, हे रायगडचं प्रकरण आहे म्हणून पान उलटू नका. तुमच्या वस्तीतल्या कोण बाया कुठल्या टॉवरमध्ये झाडायला जातात, कंत्राटदार कोण, हजेरी कुठं लागते, फंड कापतात की नाही, याची यादी करा. पेणकडच्या पोरांनी बौद्धवाडी, कातकरवाडीतली भूमिहीन घरं मोजून ठेवावीत. आणि दोन्ही याद्या एकमेकांना दाखवा. कारण कंपनी एका यादीतल्या बाईला दुसऱ्या यादीतल्या बाईची भीती दाखवूनच स्वस्त करते. दोघींनी एकच दर सांगितला की मुलूख स्वस्त राहत नाही.