परिचारिका कंत्राटावर नकोत

सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांची पदे बाह्य संस्थेमार्फत कंत्राटी पद्धतीने भरण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये राज्यातील परिचारिका याच प्रश्नावर संपावर गेल्या. हा निव्वळ पगाराचा वाद आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मेडिसिन वॉर्डातली एक रात्रपाळी उभ्याने काढून पाहावी.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिक्षण रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात जमिनीवरच्या गाद्यांपर्यंत भरलेला वॉर्ड रात्री एक-दोन सिस्टर सांभाळतात. एकाचे सलाईन संपत आलेले असते, दारात नवा रुग्ण स्ट्रेचरवर असतो, नातेवाइकांचा संतापही त्यांनाच झेलायचा असतो. तेवढ्यात रक्त चढवत असलेल्या रुग्णाला हुडहुडी भरते. रक्त तत्काळ बंद करायचे, नाडी आणि रक्तदाब पाहायचा, डॉक्टरांना बोलवायचे, हे सिस्टरला त्या क्षणी सुचते ते वर्षानुवर्षे वॉर्डात काढल्यामुळे.

कंत्राटी भरतीत नेमका हा अनुभवच हातचा जातो. नोकरीची शाश्वती नसलेली परिचारिका संधी मिळताच खासगी रुग्णालयात किंवा आखातात जाणार. तिला दोष कसा द्यायचा? तिच्या जागी नवी येते, शिकते आणि तीही जाते. याची किंमत खाटेवरचा गरीब रुग्ण मोजतो.

राज्य सरकारने रिक्त पदांच्या नियमित भरतीचे वेळापत्रक विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात जाहीर करावे. तोवर कंत्राटी भरतीची एकही निविदा काढू नये.