वेरूळच्या लेण्यात फेलूदा

बालमित्रांनो, आज एक कोडं घालते. वेरूळचं कैलास लेणं तुम्ही पाहिलंय ना? एकाच डोंगरातून कोरून काढलेलं अख्खं देऊळ. वीट नाही, दगडावर दगड रचलेला नाही. आधी कळस, मग खाली खाली पाया, असं उलटं काम. अशा ठिकाणी एखादा चोर शिरलाच, तर तो चोरणार काय? देऊळ काही पोत्यात भरता येत नाही!

उत्तर आहे : डोकं. मूर्तीचं नुसतं डोकं. छिन्नी-हातोड्याचे चार घाव घातले की ते पिशवीत मावतं, आणि परदेशात त्याचे भरपूर पैसे येतात.

हे कोडं माझं नाही. ते घातलं सत्यजित राय यांनी. होय, तेच ते जगप्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक, ज्यांना १९९२ साली ऑस्कर आणि भारतरत्न दोन्ही मिळाले. ते मुलांसाठी गोष्टीही लिहायचे. १९७३ साली त्यांनी बंगालीत एक रहस्यकादंबरी लिहिली, ‘कैलाशे केलेंकारी’. केलेंकारी म्हणजे भानगड. कैलासातली भानगड! आणि हे कैलास म्हणजे हिमालयातलं नव्हे बरं का. आपलं वेरूळचं, शहरापासून जेमतेम तीस किलोमीटरवरचं. आपलं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं, आणि गोष्टीतही तेच नाव आहे. कोलकात्याचा गुप्तहेर चोराच्या मागावर थेट आपल्या गावात येतो, म्हणजे आपण दर सुट्टीत पाहुण्यांना घेऊन जातो त्याच वाटेवर!

गुप्तहेराचं नाव फेलूदा. पूर्ण नाव प्रदोषचंद्र मित्र. सत्ताविशीतला, उंच, तल्लख. त्याची पहिली गोष्ट १९६५ साली ‘संदेश’ नावाच्या मुलांच्या मासिकात आली. हे मासिक राय यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली सुरू केलं होतं. आपले भा. रा. भागवत असेच ‘बालमित्र’ चालवायचे, आणि त्यांनी आपल्याला फास्टर फेणे दिला. फुरसुंगीचा बनेश फेणे, ‘ट्टॉक्’ करणारा! मुलांचं मासिक चालवणाऱ्या माणसाला मुलांना काय आवडतं ते बरोबर कळत असावं.

पण दोघांत एक फरक आहे. फास्टर फेणे स्वतःच शाळकरी, स्वतःच संकटात उडी घेणारा. फेलूदा मोठा आहे. गोष्ट सांगतो तो त्याचा शाळकरी चुलतभाऊ तोपशे. त्यामुळे वाचताना आपण तोपशेच्या डोळ्यांनी पाहतो. फेलूदाला जे दिसतं, तेच तोपशेलाही दिसतं. वस्तू समोरच असते. फेलूदाला तिचा अर्थ लागतो आणि तोपशेला लागत नाही, एवढंच. मग आपण चिडतो, मागची पानं उलटून बघतो. अरेच्चा, हे तर सांगितलं होतं की! खऱ्या रहस्यकथेची हीच परीक्षा असते असं मला वाटतं. लेखकाने आपल्यापासून काहीही लपवलेलं नसतं.

(एक गोष्ट मात्र फेलूदाची घेऊ नका. तो सारखी चारमिनार सिगारेट ओढतो. पालकांनो, तेवढं वाचताना तुम्हीच घसा खाकरा!)

आता भानगड थोडी सांगते, सगळी नाही. फेलूदाच्या ओळखीचे एक सिधू ज्याठा आहेत. ज्याठा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. हे ज्याठा म्हणजे चालताबोलता ज्ञानकोश. एके दिवशी ते भयंकर अस्वस्थ होऊन फेलूदाकडे येतात. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरच्या एका यक्षीचं डोकं कुणीतरी फोडून नेलंय आणि ते एका अमेरिकन माणसाने विकत घेतलंय. तो माणूस विमानाने निघतो, आणि ते विमानच कोसळतं! आता डोकं कुठे? दगड तर जळत नाही. माग काढत काढत फेलूदा, तोपशे आणि त्यांचे मित्र लालमोहनबाबू औरंगाबादला पोचतात. कारण चोराची पुढची नजर कैलासवर आहे. इथून पुढचं तुम्ही वाचायचं.

एरवी शांत असणारा फेलूदा या गोष्टीत संतापलेला आहे. ना कुणा शेठजीची तिजोरी फुटलीय, ना कुठल्या राणीचा हार गेलाय. गेलंय एक दगडी डोकं, तेही कुणाच्याच मालकीचं नसलेलं. कुणाच्याच नाही, की सगळ्यांच्याच? फेलूदाला राग त्याचाच येतो.

राय यांना हे सुचलं कसं? ते तरुणपणी शांतिनिकेतनात चित्रकला शिकत होते. विद्यार्थी असतानाच अजिंठा-वेरूळ पाहायला ते आपल्या भागात आले होते. तीसेक वर्षांनी त्यांनी फेलूदाला इथे धाडलं. पुढे त्यांचे चिरंजीव संदीप राय यांनी २००७ मध्ये या कादंबरीवर चित्रपटही काढला.

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं गोष्टीतलं. डोकी कोण चोरतं? तर ही खरी हकिगत ऐका. तमिळनाडूत श्रीपुरंदन नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या मंदिरातली नटराजाची कांस्यमूर्ती चोरीला गेली आणि २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने ती लाखो डॉलर मोजून विकत घेतली. कागदपत्रं अगदी चोख, पण खोटी! मग चोरी उघडी कशी पडली? पुदुच्चेरीला एक फ्रेंच संशोधन संस्था आहे. तिच्या लोकांनी पूर्वी गावोगावच्या देवळांतल्या मूर्तींचे फोटो काढून जपून ठेवले होते. त्या फोटोतली मूर्ती आणि संग्रहालयातली मूर्ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तीच! सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती दिल्लीत परत केली. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. कुणीतरी पूर्वी नीट पाहिलं होतं आणि नोंद ठेवली होती, म्हणून देव घरी आला.

शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, असा कायदा आपल्याकडे १९७२ साली झाला आणि १९७६ पासून लागू झाला. म्हणजे राय कादंबरी लिहीत होते तेव्हा कायदा कागदावर आला होता, पण अमलात यायचा होता. चोरांची तेव्हा किती घाई चालली असेल, कल्पना करा.

मागच्या सहलीला मी चौथीच्या मुलांना वेरूळला नेलं, तेव्हा फेलूदाची युक्ती वापरून पाहिली. प्रत्येकाला वही दिली आणि सांगितलं, कैलासच्या अंगणात उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत अशा पाच गोष्टी लिहा. पहिली दहा मिनिटं नुसता गोंगाट. डबे कधी उघडायचे, हाच प्रश्न. मग हळूहळू पोरं गप्प झाली. एकाने स्तंभ मोजले, एकाने माकडं (तीही नोंदच!). एकाला छताजवळ पांढऱ्या गिलाव्याचे आणि रंगाचे ठिपके दिसले. खरंच आहे ते. या लेण्याला जुने लोक रंगमहाल म्हणायचे, ते याच रंगामुळे. आज काळा दिसणारा हा दगड एके काळी रंगवलेला होता.

अंगणातल्या मोठ्या हत्तीची सोंड तुटलेली आहे. एक मुलगा लगेच म्हणाला, “बाई, ही अमक्याने तोडली.” मी म्हटलं, “तू पाहिलंस?” नाही. “मग पुरावा?” तोही नाही. फेलूदा असा आरोप ठोकून मोकळा होत नाही. तेवढ्यात शेजारची मुलगी हळूच म्हणाली, “बाई, तुटलेली जागासुद्धा हत्तीच्या पाठीइतकीच काळवंडलीय.” शाब्बास! ताजा घाव रंगाने वेगळा दिसतो. जुन्या घावावर किती पावसाळे गेले असतील! कुणी तोडली ते आम्हाला त्या दिवशी कळलं नाही. पण ती काल-परवा तुटलेली नाही, एवढं तिने पाहून सांगितलं. कुणालाही न विचारता.

एका पालकांनी मला विचारलं होतं, “बाई, रहस्यकथा कशाला? त्यापेक्षा काही उपयोगाचं वाचायला सांगा.” त्यांची मुलगी म्हणजे हीच बरं का!

फेलूदाच्या गोष्टी अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत आणि रोहन प्रकाशनाने त्या छापल्या आहेत. वाचनालयात फेलूदाचा संच मागा. नसेल तर ग्रंथपालकाकांच्या मागे लागा. तोवर फास्टर फेणे आहेच. त्याच्या बऱ्याच पुस्तकांच्या नावातच तो असतो, त्यामुळे कपाटात शोधायला अवघड नाही.

आता तुमच्यासाठी काम. फेलूदाचे मित्र लालमोहनबाबू स्वतः रहस्यकथा लिहितात, भरमसाट चुकांसकट, आणि त्यांचं टोपणनाव आहे जटायू. तर कैलास लेण्यात खराखुरा जटायूही आहे, रावणाशी झुंजणारा, दगडात कोरलेला. देवळाच्या एका अंगाला रामायणातले प्रसंग आहेत आणि दुसऱ्या अंगाला महाभारतातले. जटायू कुठल्या अंगाला असणार, ते तुम्हाला ओळखता येईल. पण नेमका कुठे, ते जाऊनच पाहायला हवं. मध्यवर्ती बसस्थानकावरून एस.टी. मिळते. दौलताबाद, मग घाट, मग खुलताबाद, मग वेरूळ. वही न्या. हात लावू नका, नुसतं पाहा. सापडला की तो कशाच्या शेजारी आहे, त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि त्याचं काय काय तुटलंय, ते पोस्टकार्डावर लिहून पाठवा. चित्र काढलंत तर उत्तमच!