शेकडा, पण कशाचा?

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविताना वर्षारंभी नव्या विद्यार्थ्यांना मी एक साधा प्रश्न घालतो. २० टक्के सूट वजा जाता एक सदरा ४८० रुपयांस मिळाला. त्याची मूळ किंमत किती? पुष्कळ जण ४८० चे २० टक्के, म्हणजे ९६ रुपये, त्यांत मिळवून ५७६ असे उत्तर तत्काळ देतात. खरे उत्तर ६०० आहे. आकडेमोड चुकलेली नसते. चुकलेला असतो तो पाया. सूट मूळ किमतीवर होती, ४८० वर नव्हे.

या चुकीचे मूळ प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत आहे. तेथे शतमानाची उदाहरणे तीन साच्यांत शिकविली जातात: ६० चे २५ टक्के किती? १५ हे ६० च्या किती टक्के? १५ हे कोणत्या संख्येचे २५ टक्के? प्रत्येकाची रीत निराळी, म्हणून पाठांतरही निराळे. वस्तुतः तिन्ही प्रश्नांत नाते एकच आहे: १५ चे ६० शी जे नाते, तेच २५ चे १०० शी. शंभर नेहमीच उघडा असतो. उरलेल्या तिघांपैकी एक झाकलेला असतो, इतकेच.

हे नाते डोळ्यांना दाखविता येते. फळ्यावर दहा समान भागांची एक लांब पट्टी काढावी. खाली टक्के, वर रुपये लिहावेत. सदऱ्याच्या उदाहरणात ८० च्या वर ४८० मांडले की एका भागाचे ६० रुपये होतात आणि पट्टीच्या टोकाशी ६०० आपोआप येतात. मात्र पट्टी काढण्यापूर्वी मुलांना विचारले पाहिजे, 'येथे शंभर कोणाला मानायचे?'

अभ्यासक्रम मोठा, परीक्षा तोंडावर आणि सूत्राने गुण लवकर मिळतात, ही शिक्षकांची अडचण खोटी नाही. तथापि सूत्र परीक्षेपुरते टिकते. व्यवहार मात्र जन्मभर चालतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. १८ टक्के कर धरून ११८ रुपये झालेल्या बिलात कर १८ रुपये असतो. ११८ चे १८ टक्के काढणारा तो २१ रुपये २४ पैसे समजतो. एखाद्या पिकाचे उत्पादन ५० टक्के घटून पुढील वर्षी ५० टक्के वाढले, तर नुकसान भरून निघाले असे वाटते. प्रत्यक्षात शंभराचे पन्नास आणि पन्नासाचे पंचाहत्तरच झालेले असतात.

जाहिरातदार आणि राजकीय वक्ते टक्केवारी सांगतात, पाया बहुधा सांगत नाहीत. तो विचारण्याची सवय दहा-बारा वर्षांच्या वयात लागली नाही, तर पुढे लागणे कठीण. शतमानाच्या धड्यातील पहिली तासिका म्हणूनच आकडेमोडीविना, केवळ 'कशाचे?' या एका प्रश्नासाठी राखावी. गणिताचा तास त्यामुळे वाया जाणार नाही, आणि उद्याचा नागरिक सहजासहजी फसणार नाही.