थापी कुणाच्या हातात?

दोस्तांनो, बाईचं काम आणि बाप्याचं काम ही वाटणी निसर्गानं केलेली नाही. ती मनूनं लिहिली, मालकानं वापरली आणि नवऱ्यानं घरात चालवली. हे सरळ मांडतोय, कारण आपल्यातले कित्येक गडी स्टेजवर मनुस्मृतीचे वाभाडे काढतात आणि घरी गेल्यावर तीच मनुस्मृती जगतात. ताट पुढ्यात आलं पाहिजे, पाण्याचा तांब्या हातात आला पाहिजे. हा कुठला विद्रोह?

मी गोदीत कंत्राटावर माल उचलतो. आमच्या टोळीत बाई नाही. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: हे ताकदीचं काम, बाईच्या जातीला झेपायचं नाही. बाईची जात! भाषाच बघा. ज्यांना जातीनं चिरडलं त्यांच्याच तोंडून बाईचीही जात निघते.

झेपायचं नाही? जपानचं नागासाकी बंदर घ्या. वाफेच्या बोटींच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला, तिथं बोटींत कोळसा भरणाऱ्यांत बायकाच बायका असायच्या. बोटीच्या अंगाला शिड्या लावायच्या, पायरीपायरीवर उभं राहायचं आणि टोपल्या हातोहात वर चढवायच्या. वेस्ट इंडीजमधलं सेंट थॉमस बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. तिथल्या काळ्या बायका डोक्यावर कोळशाच्या टोपल्या घेऊन बोटीवर चढायच्या. १८९२ साली मजुरी घसरलेल्या मेक्सिकन चांदीच्या नाण्यांत मिळायला लागली, तेव्हा तिथल्या कोळसा कामगारांनी संप केला. पुढारी होती एक बाई. क्वीन कोझाया या नावानं लोक तिला आजही ओळखतात. बोट तीच, कोळसा तोच, धक्का तोच. तिथं बाईचं काम, इथं बाप्याचं. मग निसर्ग मधी आला कुठून?

आता माग बघा. मणिपुरात हातमाग बाईचा. विणणं म्हणजे बाईचंच काम, असं तिथं लहान पोरही सांगेल. आपल्या सोलापुरात हातमागावर बाप्या बसला आणि बाई बाजूला बसून कांड्या भरत राहिली. विणकर तो, ती नुसती हाताखालची. चूल घ्या. घरातली चूल बाईची, फुकटची. पण लग्नाच्या मांडवात बिदागी घेऊन शंभर पानं उठवायची वेळ आली की आचारी बाप्या. फुकट असेल तर बाईचा धर्म, पैसा आला की बाप्याचा धंदा.

कोळशाच्या खाणींचा इतिहास तर मालकाला पुरता नागडा करतो. इंग्लंडनं १८४२ साली बायकांना खाणीत उतरायला बंदी केली. आपल्याकडे झरिया-राणीगंजच्या खाणींत संथाळ, बाउरी आणि तशाच तळातल्या जातीजमातींच्या बायका नवऱ्याच्या बरोबरीनं खाली उतरत होत्या. १९२९ पासून त्यांना टप्प्याटप्प्यानं वर काढलं. कारण काय दिलं? बाईची तब्येत, बाईची अब्रू. पुढं दुसरं महायुद्ध पेटलं, कोळसा कमी पडायला लागला आणि १९४३ साली ही बंदी उठली! युद्ध संपलं, १९४६ साली बंदी पुन्हा आली. तीन वर्षं त्या अब्रूचं काय झालं होतं? कोळसा हवा होता तेव्हा बाई मजूर, गरज संपली की बाई नाजूक. १९५२ च्या खाण कायद्यानं तीच बंदी पक्की केली आणि ती अटी घालून सैल व्हायला २०१९ उजाडलं.

आपल्या गिरणगावातही हेच झालं. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत साधारण एक बाई होती. वाइंडिंग, रीलिंग ही त्यांची खाती. १९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या सवलतीच्या बिलाच्या बाजूनं बोलले. १९२९ साली कायदा झाला. मालकानं हिशेब केला. यंत्रं वाढली, रात्रपाळीला बाई चालत नाही, वर बाळंतपणाचा खर्च. त्यापेक्षा बाईच नको! पुढच्या काळात बाई गिरणीतून कमी कमी होत गेली. कायदा न्यायाचा होता, हिशेब हरामखोरीचा होता. गिरणीतनं निघालेली बाई घरात आरामाला नाही गेली. ती खानावळ चालवायला लागली, भांडी घासायला गेली, पाटी उचलायला गेली.

आणि आज? कुठल्याही टॉवरच्या साइटवर जा. घमेलं बाईच्या डोक्यावर. वाळू, सिमेंट, विटा, सगळं ती जिन्यानं वर नेते. इथं ताकदीचा प्रश्न कुणाला पडत नाही. पण थापी? थापी गवंड्याच्या हातात आणि गवंडी बाप्या. थापी तर घमेल्यापेक्षा किती हलकी! जन्मभर घमेलं वाहिलेल्या बाईला ओळंबा धरायला कुणी शिकवत नाही. कारण थापी आली की हजेरी वाढते. १९७६ साली समान वेतनाचा कायदा आला. मालकाला काही फरक पडला नाही. काम समान नाही म्हटलं की संपलं.

आता सांगा, हे कशासारखं दिसतंय? ज्याच्या वाट्याला ओझं त्याला हत्यार नाही, ज्याच्या हातात हत्यार त्याला ओझं नाही. आणि कुणी काय करायचं ते जन्मावर ठरलेलं. हीच तर वर्णव्यवस्था! बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त मांडलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. एकाला वर, एकाला खाली बसवलेली. ही फूटपट्टी एकदा आपल्या चुलीला लावून बघा.

काही मित्र म्हणतात, आधी जातीचं बघू, बाईचं मागनं. त्यांना १९१६ सालाकडे नेतो. त्या वर्षी मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या भीमरावांनी जातीवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी दाखवलं की जातीला कुंपण बाईच्या अंगावरनं घातलं गेलं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. जातीबाहेर लग्न होऊ द्यायचं नाही, तर बाई बांधून ठेवलीच पाहिजे. आणि ब्राह्मणांनी केलं ते बाकीच्यांनी नक्कल करून उचललं. म्हणजे जात आणि बाईची गुलामी ही दोन कुलपं नाहीत. एकच कुलूप आहे. मागनं उघडायचं असं काही शिल्लकच राहत नाही.

दुसरे म्हणतात, घरात कोंडणं हा वरच्या जातींचा रोग, आपली बाई तर कायम रानात-रस्त्यावर राबली, ती मोकळीच आहे. खोटं. बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' वाचा. बापानं आईला घरात कोंडून ठेवलं होतं आणि त्यातच त्याला मोठेपणा वाटत होता, हे त्यांनी न लाजता लिहिलंय. चार पैसे हातात आले की पहिली नक्कल कशाची? बाई घरात बसवायची. ज्यांनी आपल्याला गावाबाहेर बसवलं त्यांचीच नक्कल! आणि राबणं म्हणजे मोकळं असणं असेल, तर बैलाइतकं मोकळं कुणीच नाही.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जळाली, त्या परिषदेला बायाही होत्या. २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. हजारो बायका, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. ठराव कसले? घटस्फोटाचा हक्क पाहिजे, एकापेक्षा जास्त बायका करायला बंदी पाहिजे, राबणाऱ्या बायकांना हक्काची रजा पाहिजे. आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्याचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल होतं. बाईच्या हक्कासाठी खुर्चीवर लाथ मारणारा आपला बाप. आणि आपण? १९७२ साली पँथर जन्मली, तिची कहाणी सांगताना आपल्या तोंडी नावं कुणाची येतात ते मोजा. बायांनी केलेल्या चळवळीचा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून गोळा केला, 'आम्हीही इतिहास घडवला' म्हणून १९८९ साली छापला. आपल्या किती शाखांत ते पुस्तक आहे?

म्हणून बोलणं पुरे, कामाचं बोलू. येत्या चौदा एप्रिलला भोजनदानाच्या पातेल्यापाशी पोरं उभी राहू द्या, माइक पोरींच्या हातात जाऊ द्या. वस्तीच्या कमिटीत निम्म्या बायका पाहिजेत, पावतीपुस्तक आणि बँकेची सही त्यांच्याकडे पाहिजे. नुसतं सतरंज्या घालायला नको. खोलीच्या कागदावर तिचं नाव लावा. ज्याला हे जड जातं त्यानं निळा झेंडा खाली ठेवावा. तो पेलायला अंगात जी ताकद लागते, ती त्याच्यात नाही.

घमेलं दोघांच्या डोक्यावर, थापी दोघांच्या हातात. त्याशिवाय बांधाल ती भिंत मनूचीच असेल.

जय भीम.